काठाचं गवत

गड्ड्यातून गड्डी आणली,
असं राजमणी गल्लीभर सांगत सुटली.
आमच्या तेलुगूत गवताला गड्डी म्हणतात.
ज्यांना कळलं ते हसले.

तीस रुपयांचं बेट, काळ्या पिशवीत.
पात हिरवी, दोन्ही कडांना सायीच्या रंगाचा काठ.
नाव विचारलं तर रोपवाला म्हणाला,
शोचं आहे.

मी एक पात उन्हाकडे धरली.
चौतीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस
आधी काठ बघतो. चादर फसते ती तिथंच.
हिचा काठ कुठं सैल नव्हता.

बेट सोडवलं, नऊ तुकडे झाले.
न्हाणीच्या भिंतीला, सावलीत, वीतवीत अंतरानं लावले.
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला.
गवतानं एवढं समजून घ्यावं.
बुडाशी राजमणीनं तेंदूच्या पानांची कातरण पसरली,
ओल धरते म्हणाली. धरली.

मेमध्ये हिरवं तगलं, पांढरं जळालं.
काठ तांबडे, कागदासारखे.
हजार विड्या पुऱ्या करून ती उठली,
तीच कातर घेऊन बसली,
एकेक टोक छाटलं, पत्र्याच्या मापाशिवाय.

दुसऱ्या वर्षी एका बेटातून
नुसत्या हिरव्या पाती आल्या.
रुंद, दांडग्या, घाईच्या.
रोपवाला म्हणाला, उपटा.
पांढऱ्यात जोर नसतो,
हे राहिलं तर काठाचं सगळं खाऊन टाकील.

खुरपं घेऊन बसलो.
माझा माग भंगारात किलोवर गेला,
जकार्डची भोकांची कार्डं तेवढी माळ्यावर आहेत.
या पातींचं कार्ड हरवलं असेल, एवढंच.
मागावर धागा चुकला तर मी मशीन थांबवायचो,
हात थरथरायचा नाही.
आज अर्धा तास गेला.

उपटल्या.
राजमणीनं त्या काही न बोलता उचलल्या,
फाटकाबाहेर गटारीच्या कडेला खोचल्या.
तिथं आता माजल्यात.
शेळी खाते, परत येतात.

रात्री दोनला नळ येतो.
कधी लाइट नसते.
बादली घेऊन न्हाणीमागं जातो
तेव्हा पाती दिसत नाहीत,
नुसते काठ दिसतात, जोडीजोडीनं,
मधलं कापड अजून
विणायचं असल्यासारखे.