पुडी सुकेपर्यंत

भोईवाड्यात, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
डिसेंबर आधी नाकाला कळतो.
भिजत घातलेलं कातडं, खळ, लोखंडाचा कीस,
वर शेजारच्या किल्लीवाल्याची मोगरा अगरबत्ती.

मग वाद्यं यायला लागतात.
रिक्षातून, खांद्यावरून,
एक तुणतुणं तर छत्रीच्या पिशवीतून आलं.

बँकेच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं खुणा करतो.
नऊ तारीख: संबळ, नायगावचं मैदान.
चौदा: दोन ढोलक्या, मुलुंड, सकाळीच हव्यात.
एकवीसचं अजून नक्की नाही,
परवानगीचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकलाय,
तरी डफ आलाय.
डफाला काय कळतंय कागदाचं.

दत्ताराम घाणेकर नरिमन पॉइंटला लिफ्ट चालवतो.
बावीस मजले वर, बावीस खाली,
ओठांतल्या ओठांत मृदंगाचे बोल.
साहेब लोकांना वाटतं, जप करतो.
यंदा शक्तीवाल्यांना असा सवाल टाकणार, म्हणाला,
की पहाटेपर्यंत उत्तर शोधतील.
काय सवाल, विचारलं तर फळीकडे बघून गप्प.
फळीवर शक्तीवाल्यांचाही मृदंग होता.
रात्री मी दोघांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली.

गोराईहून पास्कल घुमट घेऊन आला.
घोरपडीचं कातडं आता कायद्यात बसत नाही,
बकऱ्याचं बसव म्हणाला,
पण आवाज तोच येईल ना?
मी म्हटलं, जो येईल त्याला तोच म्हणायचं.
तो हसला नाही.
मडक्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

आणि ती हर्षदा उगले. विम्याच्या कंपनीत असते.
लॅपटॉपच्या बॅगेतून तिनं चौंडकं काढलं, आईचं.
तीन वर्षं कपाटावर, कड झुरळांनी खाल्लेली, तार गंजलेली.
सत्तावीस तारखेला आराधी मेळ्यात उभी राहायचंय, म्हणाली,
कसं धरायचं तेवढं दाखवा.
मी वाजवणारा नाही, बाई, दुरुस्त करणारा.
तरी दाखवलं: हे असं काखेत, ही तार, हा ताण.
तिनं छेडलं.
किल्लीवाल्याची कानस थांबली.

गाणं ती फोनवरून शिकते.
आईनं कधीतरी ओट्याशी म्हटलेलं,
मध्येच कुकरची शिट्टी.
शिट्टीच्या जागी ती अजून थांबते,
तेवढीच थांबते,
मग पुढचं कडवं घेते.
चुकतंय का, विचारलं तिनं.
मला काय सांगता येणार?

खरं सांगायचं तर मी एकाही मैदानात गेलेलो नाही.
शेवटच्या संध्याकाळपर्यंत कुणाची तरी वादी ताणत असतो
आणि लोक टाळ्या वाजवतात तेव्हा झोपलेला असतो.
बायको म्हणते, तुम्ही म्हणजे साखर झालेला हलवाई.
असेन.
पण आदला दिवस माझा असतो.
उद्या वाजणारं सगळं आज माझ्या बोटाखालून जातं,
एकेक टिचकी, एकेक "अजून नाही", एकेक "हां".

हर्षदा एक पास ठेवून गेलीय.
उडू नये म्हणून खळीच्या डब्याखाली सरकवलाय.
एक कोपरा चिकटलाही असेल.

इथली हवा खारी, शाई लवकर धरत नाही.
थरावर थर, मध्ये घोटणं,
वर साठचा पिवळा बल्ब लावून बसायचं.
घाई केली तर तडा जातो,
आणि तडा गेलेली शाई कितीही सजवा,
बोलते तडा गेल्यासारखीच.

रात्री शटर अर्धं ओढतो.
रस्ता जरा निवतो, बेस्टची शेवटची बस जाते,
तेव्हा फळीवरचं एखादं कातडं आपोआप आवळतं.
टक्.
कुणी हात लावलेला नसतो.
मी डबा उचलून पासावरची तारीख वाचतो
आणि अंधाराला म्हणतो,
थांब रे. अजून बारा दिवस.