नावात प्रश्नचिन्ह चालत नाही

दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली,
वर सायकलच्या ट्यूबचं रबर.
हसुराम मढवींनी डिस्क काउंटरवर ठेवली.
"प्रणालीची हाय."
मला वाटलं, संगणकाबद्दल बोलतायत.
कुठली, मी विचारलं, विंडोज?
"नाय वो. माझी पोर."

ऐरोली, सेक्टर आठ, दुपारचे तीन.
जोडल्या जोडल्या माझ्या मशीननं ओळख नाकारली:
ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.
खाली दोन बटणं.
होकाराचं आधीच निळं उजळलेलं,
जणू हो म्हणणं हाच सभ्यपणा.

वाशीत कुणी तरी त्यांना म्हणालं होतं,
काका, रिकामी आहे, शंभर रुपयांत पुसून देतो.
रिकामी नव्हती. मॅकवर भरलेली होती.
भांडी सगळी जागच्या जागी,
फक्त मांडणी दुसऱ्या हातची.
आपण अंधारात हात फिरवतो
आणि म्हणतो, या घरात चूलच नाही.

फॉरमॅटला मराठीत धड शब्द नाही अजून.
सारवणं म्हणावं,
तर सारवलेल्या जमिनीवर
पाऊल उमटतं तरी.

कोपऱ्यात माझा जुना लॅपटॉप असतो,
बिजागरी तुटलेला, पाठीला पुठ्ठ्याचा टेकू.
लिनक्सवर चालतो. गिऱ्हाइकं हसतात त्याला.
पण चार घरचं पाणी प्यालेला,
सगळ्यांची बोली थोडी थोडी समजते.
त्यानं उघडली. आणि बजावलं:
फक्त वाचता येईल. लिहिता येणार नाही.
"चालंल," मढवी म्हणाले. "लिवाचा कोनला हाय?"

फोल्डरचं नाव खाडी.
आत सत्तेचाळीस आवाज, नावं अशी:
निवटी चिखलात श्वास कसा घेते?
उधाणाचं पाणी आधी कुठल्या बांधाला लागायचं?
पूल नव्हता तेव्हा मुलुंडला कसे जायचात?
आजोबांनी जमिनीच्या कागदावर अंगठा दिला
त्या दिवशी घरी काय शिजलं होतं?

"ह्यो लाव."

आधी तिचा आवाज, मग पंख्याची घरघर,
मग त्यांचाच, जरा तरुण:
थांब, पानी पितो.
भात व्हता. चिंबोऱ्यांचा कालवन व्हता.
आईनं सगल्यांना वारला.

दुकानातले मढवी खुर्चीच्या कडेला आले.
"चुकीचा सांगला मी तिला," म्हणाले.
"काय शिजलाच नव्हता त्या दिशी.
खोड ना ता."

काका, खोडता येत नाही,
मी म्हणाले. हिच्यावर फक्त ऐकता येतं.

मग नवी डिस्क घेतली,
अशा मांडणीची जी सगळीकडे चालते
आणि कुणाच्याच घरची नसते.
कॉपी सुरू केली, पहिल्याच फाईलला अडली.
नव्या डिस्कवर नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.
रेषा, टिंब, चंद्रबिंदूसुद्धा घेते ती,
फक्त विचारलेलं घेत नाही.
एकगठ्ठा काढून टाकायची आज्ञा येते मला.
का कोण जाणे, हातानं काढत बसले,
एकेक,
कोलंबी सोलावी तसं.
सत्तेचाळीस वेळा मढवींनी बघितलं.

शेवटी माझा फोन त्यांच्यापुढे धरला.
बोला, मी म्हणाले, हिच्यावर लिहिता येतं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
तेही रेकॉर्ड झालंय:
एक मिनिट बारा सेकंद,
मधे बाहेर कुणाची तरी रिक्षा रिव्हर्स घेतेय,
आणि मग, "पोरी, आयक."

पुढचं मी ऐकलं नाही. चहा सांगायला गेले.

जाताना दोन्ही डिस्क पिशवीत बांधू लागले
तेव्हा नेहमीचं सांगितलं, जे सगळ्यांना सांगते:
काढायच्या आधी मशीनला कळवायचं, काका.
न सांगता ओढली
तर आतलं बिघडतं.

"म्हाईत हाय मना," मढवी म्हणाले,
आणि पैसे दोनदा मोजले.