तांब्याची तार

शेफील्डला, अटरक्लिफच्या उतारावर,
ऑलरनशॉच्या शेडमध्ये मी ग्राइंडर चालवते.
चुंबकी पाटावर पोलादाची पट्टी ठेवायची,
खटका ओढायचा, मग ती दोन्ही हातांनी हलत नाही.
घासून झाली की खटका परत.
पाट सोडतो. पट्टी सोडत नाही.
उचलली की बुडाला लोहकीस,
अंगावर काटा आल्यासारखा उभा.

भारली, मी मनात म्हणते.
मंत्रानं माणूस भारतो, तसंच आमच्याकडे लोखंडही.
हे ऑलरनशॉला सांगायला माझं इंग्रजी पुरलं नाही.
त्यानं मात्र पहिल्याच आठवड्यात
काचेच्या नळीत कीस भरून दाखवला होता:
वरून चुंबक फिरवला, एकाच दिशेनं, वीसेक वेळा,
मांजराला गोंजारताना उलटा हात नेत नाहीत तसा.
नळीनं टाचणी उचलली.
मग खुळखुळ्यासारखी हलवली.
टाचणी पडली.
"आत काही शिरलं नाही, काही गेलं नाही.
कण न् कण आधीपासूनच चुंबक,
फक्त तोंडं दहा दिशांना."
नरम लोखंड चटकन वळतं, चटकन विसरतं.
पोलाद हट्टी.

विसरायला लावायचं यंत्र कोपऱ्यात आहे.
वेटोळ्यात वीज सेकंदाला पन्नासदा उलटसुलट.
पट्टी त्यातून सावकाश बाहेर न्यायची,
हात पुरता लांब होईतो, मगच बटण.
मध्येच बंद केलं तर काहीतरी उरतं.
मला घाई असायची.
माझ्या पट्ट्या परत यायच्या.

मार्चमध्ये कराडहून बहिणीचं पार्सल आलं.
वडिलांचं होकायंत्र, मोजणी खात्यातलं, पितळी,
झाकणावर अंगठ्यानं झिजलेला खळगा.
बाकावर ठेवलं. सुई उत्तरेकडे वळायला गेली
आणि वाकली.
टोक तबकडीला टेकून तिथंच अडकलं.
वाटेत आपटलं असेल. दणक्यानंही जातं ते,
एवढं मला आता कळत होतं.

ऑलरनशॉनं भिंग लावलं. "गेलेली नाही.
पृथ्वी नुसती आडवी ओढत नाही, खालीही ओढते.
तुमच्याकडे थोडी. इथं फार."
मला फाटकापाशी नेऊन त्यानं
गंजक्या गजाजवळ स्वतःचं होकायंत्र धरलं:
गजाच्या डोक्याशी सुईचं एक टोक धावलं,
पायथ्याशी दुसरं.
कुणी घासला नव्हता, कुणी वीज दिली नव्हती.
शंभर वर्षं नुसता उभा राहिला,
तेवढ्यावर भारला.

मग ड्रॉवरमधून केसाएवढी तांब्याची तार.
तांबं का? ते तर चुंबकाला ओळखतही नाही.
"म्हणूनच," तो म्हणाला.
भारलेल्या सुईला फक्त भार हवा होता,
दक्षिणेच्या बाजूला, तीन वेढ्यांचा.
त्याचे हात आता थरथरतात,
म्हणून काच त्यानं धरली, तार मी गुंडाळली.
टोक उचललं गेलं. डुललं, डुललं,
आणि शेडच्या मागच्या भिंतीवर,
मोऱ्यांच्या पाइपाच्या जरा डावीकडे, थांबलं.

रात्री बहिणीचा फोन. "चालतं का गं अजून?"
चालतं, म्हटलं. तारेचं बोलले नाही.
कराडला नेलं तर आता दुसरं टोक टेकेल.
काढायला नख पुरेल.
फार घट्ट नाही गुंडाळलेली.