सातवी भट्टी

पहाटे तीनला मी कणीक तिंबते.
एवढ्या उंचीवर पाणी ऊन होण्याआधीच उकळून मोकळं होतं
आणि कणीक भलती उतावीळ,
फुगते, लगेच खाली बसते.
तिला थंडीत दामटून ठेवावं लागतं.

एदुविना आयाविरे. दुर्बिणींच्या तळावरचा पाव माझ्याकडे.
वर, चाहनांतोरच्या माळावर,
सहासष्ट पांढऱ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून.
कुणी काही वाढताना दिसत नाही.

पाळी संपवून फ्रेसिया येते,
गालावर ऑक्सिजनच्या नळीचा वळ.
काय सापडलं आज?
धूर, म्हणते. हजार कोटी वर्षांपूर्वीचा.

पावाचा कडक कोना मोडत ती सांगते,
तेव्हा आकाशगंगा ऐन भरात होत्या,
आताच्या दहापट तारे काढायच्या,
धुळीने माखलेल्या, घाईत, एकीला दुसरीची धडक.
आता आपल्या घरी वर्षाला एखाद-दोन सूर्य.
शेजारी कुठे कुठे तेवढेही नाहीत.
व्हायचे ते तारे
बहुतेक होऊन गेले, एदुविना.

हे मला कुणी समजवायला नको.
माझे वडील सांता इलारियाचे,
सोऱ्याचं गाव, वाळवंटात मधोमध:
सात भट्ट्या, तीन पाळ्या,
शनिवारी बँड, नाटकगृहात मखमली खुर्च्या,
रात्री दुरून येणाऱ्या खेचरवाल्याला
गाव आधी वासाने लागायचं, मग उजेडाने.
मग समुद्रापार कुणी हवेतूनच सोरा काढला.
पहिली विझली. दुसरी.
मी जन्मले तेव्हा फक्त सातवी.
तिची एक वीट इथे आहे,
मी ती भांडारघराच्या दाराला टेकू लावते.

म्हणून विचारलं,
पीठ संपलं का?
नाही, म्हणाली, तीच तर गंमत.
कित्येक ठिकाणी पीठ पडून आहे, ढिगाने,
पण निवत नाही.
मधोमध काळं काहीतरी बसलंय, सारखं फुंकतंय,
सगळं तापलेलं ठेवतंय.
आणि वायू निवल्याशिवाय
तारा पेटत नाही.

माझे हात परातीतच थांबले.

सोकाइरेला आमच्याकडे
ताऱ्यांपेक्षा त्यांच्यामधल्या काळोखाला नावं जास्त.
तिथे एक लामा आहे, काळी, लांब मानेची,
पोटाशी पिल्लू.
फ्रेसियाला बाहेर नेऊन दाखवली.
वारा कानात सुईसारखा.
ती बराच वेळ वर बघत राहिली, मग हसली:
अगं, हेच ते. निवलेलं पीठ.
लामेच्या पोटात अजून आहे.

किती?
ते तिला मोजता येतं, मला नाही.

आत येऊन तिने दुसरा पाव घेतला, उभ्यानेच.
मी तिला एक गोष्ट सांगितली नाही:
सांता इलारियातल्या शेवटच्या हिवाळ्यात
अकरा माणसं उरली होती.
अकरांसाठी सातवी पेटवायची
म्हणजे पावापेक्षा कोळसाच महाग.
वडील रोज उठायचे तीनला.