चार नंबर नाही

बुधवारच्या बाजारात, गंगेवरच्या पुलाखाली,
बाहेरदेशचे जुने कपडे किलोवर मिळतात.
तिथल्या एका गठ्ठ्यात सापडली आमची टीम.
तेरा जर्सी. विटकरी, मधे पांढरा पट्टा,
छातीवर निवडुंग, निवडुंगावर कसलासा पक्षी,
आणि खाली एका गावाचं नाव
जे आम्ही तेरा जण तेरा प्रकारे वाचतो.

तन्वीर कोकणीनं मोबाइलवर शोधून काढलं :
मेक्सिको. तिसरी डिव्हिजन. खालून दुसरे.
"म्हंजे आपलेच की," शमुवेल म्हणाला,
आणि तिथंच, गाडीवाल्यासमोर, अंगात घातली त्यानं नऊ नंबर.
सातशे म्हणाला, साडेपाचशेत दिल्या.
एक ते चौदा नंबर होते, मधला चार नव्हता.
मी गठ्ठा पुन्हा उपसला, मोज्यांपर्यंत.
नव्हता.

आम्ही म्हणजे जेल रोड स्पोर्टिंग,
जिल्हा लीग, ब गट.
क गट नाही, म्हणून ब गटातच राहतो.
दोन बस स्टॉप पलीकडे सरकारी प्रेसमध्ये
नोटांच्या थप्प्या निघतात रात्रंदिवस
आणि इकडे रेफ्रीचे तीनशे जमवताना
मी सगळ्यांच्या मोज्यांत हात घालतो.
ऑक्टोबरात छाटणी लागते,
तेव्हा आमचा डावा बॅक दिंडोरीच्या बागेत असतो
आणि डावी बाजू
देवाच्या भरवशावर.

मी खेळत नाही. गुडघा गेला, त्याला अकरा वर्षं झाली.
मी चुना आणतो. दोरी धरून रेषा मारतो,
पेनल्टीचा ठिपका पावलं मोजून,
माझी बारा म्हणजे त्यांची अकरा मीटर, जवळपास.
आणि जर्सी धुतो.
धुताना कळतं माणसाला कापड.

सात नंबरच्या खांद्यावर
निळ्या दोऱ्याची शिवण आहे.
मशिनची नाही, हाताची. गाठ आतल्या बाजूनं,
घामानं मानेला टोचू नये म्हणून.
विटकरी दोरा संपला असणार त्या दिवशी.
माझाही संपतो.
मी मग हिरवा लावतो,
आणि पोरं म्हणतात, विश्रामदादा, हे काय केलं,
आणि रविवारी तीच घालून पळतात.

तर कुणीतरी आहे तिकडे.
मी सकाळी गॅलरीत दोरीवर तेरा जर्सी टाकतो
तेव्हा त्याच्याकडे कालची रात्र चालू असते.
कदाचित कुलूप लावत असेल खोलीला,
कदाचित हरल्याचा हिशोब वहीत मांडत असेल.
चौघांची फी बाकी. दोन बॉल फुटले.

मागच्या रविवारी देवळालीकडून खाल्ले सहा.
पाच झाले होते तेव्हा, नऊ मिनिटं राहिलेली,
कॉर्नरवर हिरामण भोये उंच उडाला,
पेठच्या घाटातून पहाटेच्या एसटीनं आलेलं ते पोर,
आणि डोक्यानं घातला.
नाचला नाही. जाळीतला बॉल उचलला, काखेत घेतला
आणि मधल्या ठिपक्याकडे पळत सुटला,
जसं काही अजून वेळ आहे.
रेफ्री, रिटायर सुभेदार,
शिट्टी ओठांत धरून बघतच राहिला.
मग सहावा झाला.

चार नंबरचं मला वाटतं ते असं :
तिकडचा कुणी क्लब सोडून गेला
आणि जर्सी परत दिली नाही.
आमचा रफीक दम्मामला गेला तेव्हा
जुन्या सेटमधली अकरा घेऊनच गेला.
मी शिव्या दिल्या होत्या, वहीत लाल शाईनं लिहिलं होतं :
एक जर्सी, एकशे ऐंशी रुपये, येणे.
तीन वर्षांनी त्यानं फोटो पाठवला,
बारा माणसांची खोली, लोखंडी पलंग,
आणि उशीला अभ्रा म्हणून
आमची अकरा.
मी ती ओळ खोडली नाही. फक्त
पुढच्या पानावर घेतली नाही.

हिरामण मागतोय चार नंबर.
त्याला म्हटलं, चारचा माणूस
अजून सोडून गेलेला नाही कुठंतरी.
त्याला कळलं नाही. तो म्हणाला, मग पांढऱ्या बनियनवर
कोळशानं लिहा.

रविवारी चार वाजता मॅच आहे.
चुना आणायचाय. दोरा बघायचाय, विटकरी मिळाला तर.