गोळी आणि कालवण

पावणेचारला गोळी.
दापोलीचा डॉक्टर म्हणाला, मासळी आणि ही
एका वेळी पोटात नको, मासळी गोळीला अडवते.
हर्णैच्या बंदरावर एकतीस वर्षं
लिलाव पुकारलेल्या माणसाला
हे सांगायचं कसं?

साडेचारच्या सुमाराला हात जरा निवतात.
जीभ सुटते. पण कधी अशी सुटते
की शब्द एकमेकांवर चढतात
पाटीतल्या कोलंबीसारखे,
आणि मी म्हणते, हळू हो, एकेक.
औषध पायांना जेवढं कळतं
तेवढं ओठांना कळत नाही.

काल भिवराबायने सुरमईच्या दोन तुकड्या पाठवल्या.
मी कालवण झाकून ठेवलं, घड्याळाकडे बघत.
ते पुटपुटले. मी कान ओठांशी नेला.
पुन्हा पुटपुटले.
मला वाटलं, पाणी. मला वाटलं, उशी.

मग कधीतरी गोळी जागी झाली
आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं,
अक्षर न् अक्षर वेगळं:
"साडेतीनशे एक वार...
साडेतीनशे दोन वार..."
थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, तीन वार.
आणि झाकण काढलं.