बोट आली नाही त्या दिवशी

नोव्हेंबर सरता सरता इथला सूर्य रजेवर जातो
तो जानेवारी उलटत आला की मगच हजर होतो.
मधल्या दिवसांत डब्यावर ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहून
काही उपयोग नसतो, हे मला
स्कारनेसमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

आईलर्ट खिडकीशी बसलेले. वय चौऱ्याऐंशी.
बाहेर धक्का, धक्क्यावर एकुलता दिवा.
“गोळी घेतली?”
“बोट आली की घेतो.”
उत्तरेकडे जाणारी बोट म्हणजे सकाळ,
दक्षिणेकडे परतणारी म्हणजे रात्र.
जन्मभर कॉड पकडलेला माणूस
घड्याळाला विचारून जेवत नाही.
“आणि मंगळवारी वादळ होतं तेव्हा?”
“बोट आली नाही.”
एवढंच म्हणाले. पुढचं
न उघडलेल्या दोन कप्प्यांनी सांगितलं.

बाही सरकली तेव्हा दिसला
मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा डाग.
“दार लागलं.”
दाराला बोल लावून मी निघालेही असते,
पण ब्रेडच्या डब्यामागे दोन खोकी निघाली,
एक शहरातल्या इस्पितळाचं, एक गावातल्या दुकानाचं.
रंग निराळे, नावं निराळी,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
औषध एकच. रक्त पातळ करणारं.
आईलर्ट दोन्ही घेत होते.
इमानेइतबारे.
बोट आली की.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. रक्त काढून घेतलं.
त्यांचा निरोप येईपर्यंत दोन्ही खोकी बंद.
पण समजावायचं कसं?
सूचनांचे कागद चुलीत केव्हाच गेले होते.

“बोटीवर तुम्हाला काय म्हणायचे?”
“गळ. माझं नाक बघ की.”
“आणि पगाराच्या वहीत?”
“आईलर्ट युलियुस.”
“मग पगार दोनदा उचलायचात?”

चुलीतलं लाकूड तडकलं.
मग ते हसले, खोकला लागेपर्यंत हसले,
आणि एक खोकं माझ्या हातावर ठेवून म्हणाले,
“या गळाला उतरव खाली.”

सकाळच्या झाकणांना मी लाल लोकर बांधली,
अंधारात बोटांना कळावं म्हणून.
त्यांनी ती बघितली. काही न बोलता सोडली.
आणि सातही झाकणांना अशी गाठ मारली
की मला ती अजून सोडवता येत नाही.

बोट मात्र मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकले नाही.
म्हणून धक्क्यावरच्या ओडवारला सांगून ठेवलं,
बोट रद्द झाली की आईलर्टना फोन कर.
म्हण, आली असं समजा.

राहिला खालचा खण.
त्यात गुडवेगच्या हृदयाच्या गोळ्या,
मुदत संपून तीन वर्षं झालेल्या. गुडवेगला चार.
“हे राहू दे.”
नियम सांगतो, सगळं दुकानात परत.
मी पाकिटं काढून पिशवीत टाकली,
तिचं नाव चिकटवलेलं खोकं तेवढं ठेवलं.
त्यांनी ते कानाशी हलवून पाहिलं.
“रिकामं आहे,” मी म्हटलं.
“माहीत आहे.”

डाग आता पिवळा पडत चाललाय.
गोळी एकच, डॉक्टरांनी ठरवलेली.

काल पुन्हा वारा सुटला.
बर्फात माझी गाडी रुतली, घाटाच्या अलीकडे,
काचेवर काही म्हणता काही दिसेना.
ओडवारला फोन केला.
“बोट रद्द. कळवलंय त्यांना.”
“घेतली का गोळी?”
“घेतली. मी फोनवर ऐकलं, पाण्याचा घोट.”
“काही म्हणाले?”
“विचारत होते,
मालात काय काय आलंय.”